नाक न धरता

लिंबायत, सुरत
६ मे २०२५

ती. उषाताईस,
मगनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आखाजीच्या सणाहून सुखरूप पोहोचलो. नवापूरला बस फार वेळ उभी राहिली तेव्हा वाटलं, बिघडली, आता रात्र इथेच काढायची. पण ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता. तू दिलेले पापड फुटले नाहीत.

फोन न करता पत्र लिहितोय. फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते. जन्मभर लूमच्या खात्यात, मागांच्या खडखडाटात उभं राहिल्यावर कानाचं दुसरं काय होणार? कानात मशीन घातलं तर ते शिट्ट्या मारतं. शिवाय ही गोष्ट ओरडून बोलायची नाही. पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

त्या दिवशी ओसरीवर भाऊबंद बसले आणि ठरलं, की रामदासदादा गेल्यामुळे गेल्या वर्षी कानबाई बसवली नाही, ती यंदा श्रावणात बसवायची. दादाच्या मागे वयाने मी मोठा. म्हणजे रविवारी ती बसली की सोमवारी तिला घेऊन तापीत मी उतरायचं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादाच्या मागे राहिलेल्या इंदुवहिनीनेही पाहिलं. मी मान डोलावली.

ताई, मला पोहता येत नाही हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. लहानपणी माझा कान वाहायचा म्हणून आईने मला नदीच्या पाण्याला शिवू दिलं नाही, आणि नंतर मी इकडे कामाला आलो. अजूनही डोक्यावर तांब्या ओतताना मी नाक धरतो. दादा कसा जायचा ते तू पाहिलंस. आपला पिढीजात नारळ, कानबाईच ती, दोन्ही हातांत, गळ्याइतक्या पाण्यात, मग डोक्यावरून पाणी जाईपर्यंत खाली, आणि तिला घेऊनच परत वर. मला ते नुसतं लिहितानाही धाप लागते.

मी नाही म्हटलं तर मान माझ्या मागच्या मुकुंदकडे जातो. तो म्हणालाच, जमत नसेल तर मी आहे, धुळ्याला माझ्या बंगल्यावर नेऊ, बादलीत बुडवू, पाणी ते पाणीच. एकदा नारळ धुळ्याला गेला की वहिनीच्या दारात कोण येणार? कानबाईच्या रोटांच्या जेवणाच्या निमित्ताने वर्षातून एकदा ते घर भरतं. बाकी वर्षभर ती बाई एकटीच भिंतीशी बोलते.

पाय घसरला तर? नारळ हातातून सुटून वाहून गेला तर? पिढ्यांचा नारळ माझ्या हातून गेला असं पोरं सांगत बसतील. काय करू ते कळव.

तुझा,
मगन


खापरवड, ता. शहादा
१५ मे २०२५

चि. मगन यास, उषाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चुलीत घातलं नाही, चूल आता राहिली कुठे.

बादलीत म्हणे. कानबाई म्हणजे काय भिजत घातलेली मटकी आहे?

भितोस तर शिक. श्रावणाला अजून अवकाश आहे. सुरतेत पालिकेचे पोहायचे तलाव आहेत म्हणतात, तिथे नाव घाल. घरी सांग, डॉक्टरने गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलंय. तुझे गुडघे दुखतातच, म्हणजे खोटंही होणार नाही.

सोनारांचा जावई सुरतेला येतोय, त्याच्याबरोबर सुका भोपळा पाठवते. मी त्याच्यावरच शिकले. पाठीला घट्ट बांध. तो तुला बुडू देणार नाही.

वहिनीला मी काही बोलले नाही. ती आत्तापासून रोटांचे गहू निवडायला बसली आहे.

उषाताई


लिंबायत, सुरत
१ जून २०२५

ती. ताईस सा. नमस्कार.

आधी हे सांग, मागचं पत्र कोणी लिहिलं? अक्षर तुझं नाही. तुझा 'र' उभा असतो, हा पडलेला आहे. आपली गोष्ट बाहेर गेली का? मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

नाव घातलं. डॉक्टरने कानात पिचकारी मारून पाहिलं, पडदा भरून आलाय म्हणाला, सही दिली. रबरी टोपी सक्तीची आहे. ती घालून आरशात पाहिलं तर सोललेल्या कांद्यासारखा दिसलो. चपला कुठे ठेवायच्या हाही प्रश्नच. पहिल्या दिवशी मी त्या पिशवीत घालून थेट पाण्याच्या काठापर्यंत नेल्या, तर शिव्या खाल्ल्या.

तू पाठवलेला भोपळा घेऊन गेलो. दारावरच्या माणसाने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "काका, शाक मार्केट सामे छे," म्हणजे भाजीबाजार समोर आहे. मी आत नेलाच. आतली मंडळी, सगळे पन्नाशीपुढचे, कोणी साडीचे दलाल, कोणी शाळामास्तर, हसून हसून कठड्याला टेकली. शिकवणारा चेतनभाई मात्र हसला नाही. त्याने भोपळा हातात घेतला, वाजवून पाहिला, आणि म्हणाला, "काका, आमच्या गावी पण हाच होता. पण इथे साहेब मना करतील." आता तो पंपाच्या खोलीत खुंटीला टांगलाय. कोणी नेऊ नये म्हणून मी रोज एक नजर टाकून येतो.

चेतनभाई काय सांगतो ते मला ऐकू येत नाही. आत सगळ्यांच्या ओरडण्याचा असा गलका असतो, की लूम परवडला. मी त्याला खात्यातल्या खुणा शिकवल्या. धागा तुटला, थांब, चालू कर. आता तो काठावरून हाताने खूण करतो आणि मी तसं करतो. इतर शिष्यांना वाटतं आमचं काही गुपित चाललंय.

पाण्यात चालता येतं. नाक धरून तोंड बुडवताही येतं. पण ताई, इथेच घोडं अडलंय. नारळाला दोन हात लागतात, मग नाक कोणत्या हाताने धरू? नाक सोडलं की पाणी थेट मेंदूत जातं. डोळ्यांत क्लोरीन, घशात क्लोरीन, रात्री उशीला क्लोरीनचा वास.

सूनबाई सोनाली विचारते, आप्पा, गुडघ्यांच्या व्यायामाला केस कसे ओले होतात? मी म्हटलं घाम.

मगन


खापरवड
१२ जून २०२५

चि. मगन यास आशीर्वाद.

हात दुखतो म्हणून माझी सून नूतन लिहिते. ती माझी सून आहे, आकाशवाणी नाही. जेव नीट.

नाकाचं सांगते. पाण्यात जाताना तोंड मीट आणि गाणं गुणगुण. नाकातून सूर बाहेर येत असला की पाणी आत शिरत नाही. आम्ही पोरी नदीवर असंच करायचो, कोणी शिकवलं नव्हतं. आई कानबाईपुढे रात्रभर जे म्हणायची, ते तुला आठवत असेल. शब्द नसले तरी चालेल, चाल पुरे. तू पाळण्यात त्या चालीवरच गप्प व्हायचास.

आधी बाहेर करून पाहा. मग हनुवटीपर्यंत. मग नाकापर्यंत. घाई करू नको.

मी नदीवर रोज जाते. कालही जाऊन आले. पाणी छान आहे, तुझी वाट पाहतंय.

वहिनीचे गहू निवडून झाले. आता तेच पुन्हा निवडते आहे.

उषाताई


लिंबायत, सुरत
३० जून २०२५

ती. ताईस सा. नमस्कार.

आधी चांगलं सांगतो, कारण पुढे वाईट आहे.

तू सांगितलंस तसं केलं. तोंड मिटलं, आईची चाल धरली आणि खाली गेलो. नाकात पाणी आलं नाही. पण खरी गोष्ट वेगळीच. ताई, मला ऐकू आलं. पाण्याखाली गलका नाही, काही नाही, आणि माझा स्वतःचा आवाज डोक्यात असा घुमला, जसा आपण मडक्यात तोंड घालून बोलायचो. किती वर्षांनी मी एखादं गाणं ऐकलं, आणि तेही आईचं. वर आलो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. क्लोरीन म्हणून खपून गेलं.

आता दुसरं. चेतनभाईने मला उताणं झोपायला शिकवायला घेतलं. पाठीखाली त्याचा तळहात. वर छपराचा पत्रा, त्याच्या लोखंडी कैचीत कबुतरं. हात आहे तोवर मला भीती नव्हती. थोड्या वेळाने मान वळवून पाहतो तर हा गृहस्थ दूर कठड्याशी उभा, दोन्ही हात वर करून दाखवतोय. हात काढून घेतला आणि सांगितलं नाही. ते पाहिल्याबरोबर मी दगडासारखा खाली गेलो. नाकातोंडात पाणी, कोणाची तरी लाथ छातीत. त्यांनी ओढून काढलं. मी त्याला पुष्कळ बोललो. अरे, सांगून काढला असतास तर काय गेलं असतं? तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, सांगितलं असतं तर तुम्ही तरंगला असता का?"

हा काय न्याय झाला? माणसाने विश्वासाने पाठ टेकायची आणि त्याने गुपचूप निघून जायचं?

त्यानंतर खाडीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. उंबऱ्याशी काळं पाणी, त्यात रिक्षा अर्ध्या बुडालेल्या. मी पलंगावर पाय वर घेऊन बसलो, आणि तेव्हा मला कळून चुकलं, की मला हे जमणार नाही. उंबऱ्याशी आलेल्या पाण्याला जो भितो, तो नदीत काय उतरणार? पाणी ओसरलं तरी मी तलावावर परत गेलो नाही.

ताई, मुकुंदला कळव. मला सांगायचा धीर नाही. बादलीत तर बादलीत. वहिनीला मी सुरतेला घेऊन येईन म्हणावं. ती येणार नाही, हे मलाही माहीत आहे.

मगन


खापरवड
१० जुलै २०२५

चि. मगन यास आशीर्वाद.

मुकुंदला मी काही कळवणार नाही. कळवायचं तर तू कळव. तुझ्या लेखी मी काय पोस्टमन आहे?

चेतनभाईने हात काढला तेव्हा तू तरंगत होतास. काढलेला पाहिलास तेव्हा बुडालास. एवढंच म्हणते.

उषाताई

मामांना नूतनचा नमस्कार. हे खालचं मी माझ्या मनाने लिहिते, सासूबाईंना वाचून दाखवणार नाही. त्यांचा हात दुखत नाही. त्यांना दिसत नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं तेही नीट उतरलं नाही, दुसऱ्यात नुसता उजेड कळतो. तुम्ही काळजी करत बसाल म्हणून त्यांनी सगळ्यांना शपथ घातली. आखाजीला तुम्ही आलात तेव्हा त्या दिवसभर एकाच जागी बसून होत्या, ते यामुळेच. नदीवर त्या दोन वर्षं गेल्या नाहीत. तुमचं पत्र आलं की माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतात. पाण्याखाली गाणं ऐकू आलं ते वाचल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मामा, तुम्ही या.


लिंबायत, सुरत
२४ जुलै २०२५

ती. ताईस सा. नमस्कार.

मी परत जायला लागलो. का ते विचारू नको.

घरी कळलं. सोनालीने माझी ओली चड्डी गच्चीत शेजाऱ्यांच्या कपड्यांमागे वाळत टाकलेली पाहिली. दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून निघालो तर दारात उभी. "कथा चालनात आप्पा?" म्हणाली, कुठे निघालात म्हणून. मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं हसेल. तिने पिशवीत कोरडा टॉवेल आणि खजूर घातले. पोरगा किरण म्हणतो, मीही गावी येतो. तुम्ही एकटे नदीत उतरणार असाल तर माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही. हा काळजीचा स्वभाव त्याने कोणाकडून घेतला कोणास ठाऊक.

बाजारातून एक सोललेला नारळ आणला आणि तलावात त्याच्यावर सराव केला. दारावरच्या माणसाने आता विचारणं सोडलंय. तर एक गंमत कळली. नारळ खाली जात नाही. मी दाबतो, तो वर येतो. छातीशी घट्ट धरून गेलो तर तो मलाही वर काढतो. इतके दिवस मी धास्ती घेतली होती की माझ्या हातून ती बुडेल. ती बुडत नाही. बुडायचं ते आपणच, आणि तेही ती मनावर घेऊ देत नाही.

नाक न धरता खाली जाऊन आलो. उताणं झोपताही आलं. चेतनभाई हात काढतो, मी बघत नाही.

२ ऑगस्टला, शनिवारी पोहोचतो. बसला उशीर झाला तर जेवायला थांबू नका. पाऊस फार असला तर नदीला किती पाणी आहे तेवढं नूतनकडून विचारून ठेव. तू रोज जातेसच म्हणा.

मगन


लिंबायत, सुरत
८ ऑगस्ट २०२५

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

परवा सुखरूप पोहोचलो. तू आधीच बांधलेली राखी हातावर आहे. आंघोळीला पिशवी बांधतो.

आपण चार दिवस बरोबर होतो, मग पत्र कशाला, असं नूतनला वाटेल. पण तुला दिसलं नाही, आणि आता ते माझ्यापासून लपवायचं कारण नाही. मी पाहिलं ते लिहितो. नूतन, सावकाश वाच.

सोमवारी कानबाईला पाटावर घेऊन निघालो तेव्हा ऊन पिवळं होतं. वहिनीने हिरवं लुगडं नेसलं होतं, दादा गेल्यावर पहिल्यांदाच रंगीत. सगळे जण नाचत होते, मुकुंदसुद्धा, पँटचे पाय दुमडून. खालच्या अंगाच्या बॅरेजची दारं उघडल्यामुळे पाणी उतरून घाटाशी मांडीइतकंच होतं. मुकुंदने हाताने खूण केली, इथेच बस, एक डुबकी मार, झालं. खाली बसलो असतो तर खरंच झालं असतं. कोणी नावं ठेवली नसती. मी वहिनीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, नदीच्या त्या ठिकाणाकडे बघत होती जिथे दादा जायचा. मग मी पुढे चालत राहिलो.

किरण आणि पोरांनी दोर धरला होता. तळाला गाळ, पाय रुततो. पाणी कमरेला, मग छातीला. तलावात खालच्या फरश्या दिसतात, इथे काही नाही, पाणी चहासारखं. नारळ दोन्ही हातांत. त्याच्या कपाळाचं कुंकू ओलं होऊन माझ्या मनगटावर उतरलं. गळ्याशी पाणी आलं तेव्हा मी तोंड मिटलं, चाल धरली आणि खाली गेलो. खाली काय झालं ते सांगण्यासारखं नाही. तपकिरी उजेड होता आणि आई होती. मग तिने मला वर काढलं, नेहमीसारखं.

वर आलो तर काठावर सगळ्यांची तोंडं हलत होती. वहिनी पाटाच्या कडेला हात ठेवून उभी होती आणि हसत होती. तिला मी हसताना पाहिलं, म्हणून लिहितो. नारळ पुन्हा तिच्या घरात, तिच्या कोनाड्यात ठेवला. मुकुंदने स्वतः दिवा लावला. तो वाईट नाही, त्याला उगाच घाई असते.

आता मंगळवारचं. नूतन पायरीवर बसली होती आणि मी तुला हात धरून पाण्यात नेलं. तुझी बोटं घट्ट होती. तू म्हणालीस, असं मला वाटतं, की "मगन, मी विसरले." मी तुझ्या पाठीखाली तळहात ठेवला आणि तू हळूहळू मागे झालीस. तुझ्या लुगड्याचा पदर फुगून पाण्यावर पसरला, निळा होता तो. केस सुटले. तुझं तोंड आभाळाकडे होतं आणि डोळे उघडे. एक बगळा अगदी जवळून गेला, पांढरा, तुझ्यावर त्याची सावली पडली. तुझ्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. तू लहान असताना कशी दिसायचीस ते मी विसरलो होतो, ते मला दिसलं.

मी हात काढला नाही, हे मात्र शपथेवर सांगतो. न सांगता हात काढणं मला पटत नाही, तुला माहीत आहे.

डॉक्टरांना दुसऱ्या डोळ्याचं विचारायला मी दिवाळीत येतो आहे. यात वाद घालू नको.

मगन


खापरवड
१६ ऑगस्ट २०२५

चि. मगन यास उषाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र नूतनने सावकाश वाचलं. वहिनीलाही बोलावून ऐकवलं. हिरव्या लुगड्याचं ऐकून ती लाजली.

तू पाहिलंस ते लिहिलंस. मी ऐकलं ते लिहिते, कारण ते तुला कोणी सांगितलं नसणार.

तू पाण्याखाली गेलास तेव्हा बायकांनी गाणं थांबवलं. थांबवतातच, श्वास रोखतात. दादाच्या वेळीही तसंच व्हायचं. किरण मात्र "आप्पा, आप्पा" करत होता, आणि तू दादापेक्षा जास्त वेळ खाली राहिलास. मुकुंद पुटपुटला, "अरे, हा वर येतोय की नाही?" आणि त्याच्या चपला वाजल्या, पाण्याकडे धावला तो. मग तू वर आलास. आणि मगन, तू गुणगुणायचं थांबला नव्हतास. तुला कळत नव्हतं, पण सगळ्या घाटाला ऐकू जात होतं. मोठ्याने, बेसूर, आईची चाल. मुकुंद हसला. त्याचं हसू संपायच्या आत वहिनीने तीच चाल उचलली, आणि मग बाकीच्या बायकांनी. त्यांची तोंडं हलत होती म्हणतोस, ती याने. ते बोलणं नव्हतं. त्या तुझ्या मागून गात होत्या.

आता मंगळवारचं. शपथा घालू नको, या वयात बाधतात. तू हात काढलास. तुझा हात होता तेवढी पाठ उबदार होती, ती गार पडली तेव्हाच मला कळलं. मला एवढं वाटलं, की आता हा कुठे गेला असेल? पण तू गुणगुणतच होतास, माझ्या डाव्या कानाशी, वितीच्या अंतरावर. मग मी डोळे मिटले आणि तशीच पडून राहिले.

उषाताई